‘गेले’ : मंडळीच्या वह्यांच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आज आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या सभासदांच्या) जुन्या वह्यांच्या कामाला एकदाची सुरुवात झाली. उपासना संपल्यावर बाबांनी (मंडळीतले सगळ्यात जुने वडील, म्हणजे पुढारी, लहानथोर सगळे त्यांना बाबाच म्हणतात) पुलपिटामागच्या (प्रवचनाच्या ओट्यामागच्या) खोलीतलं लोखंडी कपाट उघडून दिलं, किल्ली फिरत नव्हती म्हणून आधी खोबरेल सोडलं, थोडा वेळ थांबलो, मग उघडलं. पुढच्या उन्हाळ्यात देवळाचे, म्हणजे चर्चचे, पत्रे बदलायचेत, त्यासाठी ही खोली रिकामी करावी लागणार आणि त्या घाईत या वह्या कुठे जातील याची मला धास्ती वाटते, म्हणून मी पंचकमिटीला म्हटलं की त्याआधी सगळ्याचे फोटो काढून यादी करून देते. कमिटी लगेच हो म्हणाली. अट एकच, वही गावाबाहेर न्यायची नाही. मला पटली. त्यामुळे जमेल तसं सुट्टीच्या दिवशी पुण्याहून यायचं आणि इथेच बसून काम करायचं असं ठरलं.

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं) अशा छोट्या मंडळ्या खेडोपाडी आहेत. चर्चला आम्ही देऊळ म्हणतो, भेटलो की सलाम म्हणतो, आडनावं गावातल्या बाकीच्यांचीच आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये मिशनने नगरला ठाणं केलं, आणि मग पुढच्या काही दशकांत खेड्यांमधून शाळा निघाल्या, शाळेचा मास्तर आणि त्याच्याभोवती जमलेली चार घरं, अशा मंडळ्या उभ्या राहिल्या. आमचीही तशीच.

कपाटात सापडलं ते असं. बाप्तिस्म्याच्या वह्या, लग्नाचं रजिस्टर, मरणाची वही, सभासदांच्या याद्या, सभांची इतिवृत्तं, पावतीपुस्तकं, ज्ञानोदयचे सुटे अंक (१८४२ मध्ये नगरलाच सुरू झालेलं हे नियतकालिक, आमच्याकडचे अंक बरेच नंतरचे), आणि तळाला फडक्यात बांधलेली एक मोडीतली वही जी कुणालाच वाचता येत नाही.

मला या सगळ्यातून नेमकं काय बघायचंय ते आत्ताच लिहून ठेवते. गावात जो तो म्हणतो मंडळी संपत चालली, सगळी पोरं गेली, बाकं रिकामी. मीही त्या गेलेल्यांतलीच. तर सभासदांच्या यादीत शेवटचा रकाना आहे ‘शेरा’, आणि त्यात जागोजागी एकच शब्द आहे, ‘गेले’. हे ‘गेले’ कधीपासून सुरू होतं आणि कधी वाढत जातं ते मोजायचं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

कामाची पद्धत बसली. खिडकीजवळ टेबल, वर पांढरी चादर, फोन स्टँडवर, फ्लॅश बंद. प्रत्येक पानाआधी वहीचं नाव आणि पान नंबर लिहिलेली चिठ्ठी फोटोत येईल अशी ठेवते, नाहीतर नंतर कुठलं पान कुठलं ते कळत नाही. नंबर टाकायचा तर शिसपेन्सिलीने, कोपऱ्यात, बारीक. पेन वहीजवळ आणायचाच नाही.

एक वाईट गोष्ट. मधल्या काळात कुणीतरी प्रेमापोटी बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या वहीची फाटकी पानं सेलोटेपने चिकटवलीत, आता तो टेप पिवळा पडलाय, त्याचा गोंद कागदात उतरलाय आणि त्याखालची अक्षरं तपकिरी झालीत. मी काढायला गेले नाही, आपण ओढलं तर अक्षर टेपबरोबर येतं, ते काम जाणकाराचं. तरुण संघातल्या एकाने लॅमिनेशन करू का म्हणून विचारलं, त्याला हात जोडून नको म्हटलं, लॅमिनेशन केलेला कागद परत मोकळा करता येत नाही. त्यापेक्षा सुती नाडीने वही बांध, रबरबँड काढून टाक, आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढ म्हटलं, ओल भिंतीतून येतेय. लगेच ओढलं त्याने.

सगळ्यात चांगल्या अवस्थेत लग्नाचं रजिस्टर. त्याचं कारण बाबांनी सांगितलं, १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा, लग्न लावणाऱ्याला नोंदी ठेवून त्यांच्या प्रती सरकारी रजिस्ट्रारकडे पाठवाव्या लागतात, त्यामुळे त्या वहीत हयगय चालतच नसे. मरणाच्या वहीला तसा धाक नव्हता, आणि तिची दशाही तशीच. आपल्याकडे मेलेल्याची नोंद घरच्यांच्या आठवणीवर सोडली जाते, वहीत आली तर आली.

१ डिसेंबर, रविवार

आज काम बाजूला ठेवून नुसती चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती.

मंगळवारी, २६ तारखेला, सुप्रीम कोर्टाचा पुदुच्चेरीच्या एका केसमध्ये निकाल आला, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्याला अनुसूचित जातीचा दाखला मागता येणार नाही असा. मुळात १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातच आहे की अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना, मग १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली होती, २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला, विषय चालूच आहे.

हे आमच्यासाठी पेपरातलं प्रकरण नाही. आमच्या गल्लीत दोन सख्ख्या भावांची घरं आहेत, आजोबांच्या पिढीतले ते भाऊ, १९५६ नंतर एकाने बौद्ध धर्म घेतला आणि एक देवळातच राहिला, भिंत एक, विहीर एक, लग्नात दोघं एकमेकांकडे पहिल्या पंगतीला, आणि कागदावर मात्र नातवंडांच्या वाटा पार वेगळ्या. उपासनेनंतर एक मावशी माझ्याजवळ येऊन बसल्या, आधी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “बाई, तू हे फोटो काढतेस ते चांगलंय, पण ते इंटरनेटवर टाकणार का?” मी म्हटलं नाही ठरलं अजून. म्हणाल्या, “मग ठरव.”

खरं सांगते, माझ्या डोक्यात होतं टाकायचं. सगळ्यांना आपापली मुळं शोधता येतील, पुण्या-मुंबईला आणि परदेशात असलेल्यांना घरबसल्या आजोबांचा बाप्तिस्मा बघता येईल, असं छान चित्र होतं. पण जुन्या वहीत शेऱ्यात काही ठिकाणी पूर्वीची जातही लिहिलीय. ही वही लिहिणाऱ्या पाळकाने (पास्टरने) ती देवासमोरची नोंद म्हणून लिहिली, कुणाच्या पोटावर येईल असा कागद म्हणून नाही. त्यामुळे आज कमिटीसमोर ठरलं ते इथे नोंदवते. बाप्तिस्म्याच्या आणि सभासदांच्या वह्यांचे फोटो कुठेही अपलोड होणार नाहीत. दोन हार्ड डिस्क, एक कपाटात, एक पाळकसाहेबांकडे. ज्याला आपल्या घरची नोंद हवी त्याने यावं, बसावं, बघावं. आणि मी या नोंदींमध्ये एकाही घराचं नाव लिहिणार नाही.

१५ डिसेंबर, रविवार

इतिवृत्तं वाचतेय. इतकी रंगले की जेवायला हाक मारायला माणूस पाठवावा लागला.

पावतीपुस्तकांच्या मथळ्यावरून मोठा इतिहास एका नजरेत दिसतो. आधी अमेरिकन मराठी मिशन. मग युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया (हे ऐक्य १९२४ चं). मग चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन झालेलं. तिन्ही मथळे वेगळे, पण खाली रकाने तेच, वर्गणी, दान, हंगाम, इतर.

आता एवढी मोठी घटना १९७० ची, मला वाटलं पानंच्या पानं असतील. आहे एक ओळ, आपली मंडळी आता नव्या चर्चमध्ये सामील झाली असं वाचून दाखवण्यात आले. आणि त्याच सभेत पुढे दीड पान पावसात पूर्वेकडची भिंत पाझरते त्यावर, कोण चुना आणणार, कोण गवंडी बघणार, पैसे कुठून. तीच भिंत. ज्या भिंतीपासून आपण गेल्या महिन्यात कपाट ओढलं तीच.

म्हणून मी असं म्हणणार नाही की त्या ऐक्याने काही बदललं नाही. बदललं, आणि ते पुढच्या वर्षांच्या इतिवृत्तांत हळूहळू दिसतं. मिशनची मंडळी काँग्रिगेशनल पद्धतीची होती, म्हणजे सभासदांनी बसून ठरवायचं, पाळक कोण हवा, त्याला पगार काय, सगळं मंडळीच्या सभेत. नव्या चर्चमध्ये बिशप आले, डायोसिस (बिशपच्या अखत्यारीतला प्रांत) आलं, पाळकाची नेमणूक आणि बदली वरून होऊ लागली. जुन्या वडिलांना हे जड गेलेलं आहे, ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलंय पण त्या सभेला हजर असलेल्यांच्या सह्या एरवीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. लोक भांडायला आले होते असा माझा अंदाज. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, “भांडलो नाय, विचारलं. विचारायची सवय व्हती ना.” ती सवय अजून आहे. पत्र्यांच्या विषयावर मागच्या सभेत सव्वातास विचारणं चाललं होतं.

दुसरी गोष्ट पाळकांची. आत्ता आमच्या पाळकसाहेबांकडे बऱ्याच गावांच्या मंडळ्या आहेत, आमच्याकडे ते महिन्यातून दोनदा येतात, बाकीच्या रविवारी वडील उपासना चालवतात, आणि सगळे हळहळतात की पूर्वी कसा आपला स्वतःचा पाळक होता. वह्या वाचल्यावर दिसतं की असा स्वतःचा, गावात राहणारा पाळक मधल्या काही दशकांतच होता. त्याआधी कितीतरी वर्षं मिशनच्या शाळेचा मास्तरच उपासना चालवायचा, पाळक नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याहून नाहीतर नगरहून कधीमधी घोड्यावर यायचा, बाप्तिस्मे आणि प्रभुभोजन तेवढ्यापुरते साठवून ठेवलेले असायचे. एकेका तारखेला बाप्तिस्म्यांची रांग लागलेली आहे ती त्यामुळे. म्हणजे पाळकाविना रविवार निभावणं ही मंडळी जन्मल्यापासून शिकलेली आहे.

२६ डिसेंबर, गुरुवार

काल नाताळ. बाकं भरली, मागे सतरंज्या टाकल्या, तरी पोरं दारात उभी. पुणे, मुंबई, नाशिक, सुरत, एक कुटुंब दुबईहून. काम काहीच झालं नाही, करंज्या आणि गप्पा. पण मी एक केलं, आलेल्यांपैकी म्हाताऱ्या माणसांना एकेकट्याने गाठून विचारलं की तुमच्या घरातलं पहिलं माणूस बाहेर कधी गेलं. प्रत्येकाला वाटतं आपल्याच घरापासून सुरू झालं. एक म्हणे गिरणीत, एक म्हणे रेल्वेत, एक म्हणे मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून, एकाचे पणजोबा लष्करात.

१२ जानेवारी २०२५, रविवार

मोडीची वही वाचून देणारे एक निवृत्त गृहस्थ नगरहून आले. चहा घेतला आणि सरळ वही उघडली. आधी मला वाटलं होतं कसला तरी धर्मोपदेश असेल, तर ती मास्तरांची हिशोबाची वही निघाली. छापील सगळं बाळबोधीत (देवनागरीत) आणि हाताने लिहायचं ते मोडीत, असा तेव्हाचा रिवाज, म्हणून उपासनेची पुस्तकं आपल्याला वाचता येतात आणि ज्यांनी ती वापरली त्यांचं रोजचं अक्षर मात्र वाचता येत नाही.

हिशोब दुष्काळातला आहे, १८९९-१९०० चा. कुणाच्या घरी किती दाणे दिले, किती माणसं खाणारी. घराघरापुढे आकडे, आणि दर काही दिवसांनी एखाद्या घरापुढे आकडा नाही, शब्द आहे. ‘गेले’.

त्या गृहस्थांनी वाचलं आणि मग मान वर करून मला विचारलं, “गेले म्हणजे काय धरायचं?”

मी बघतच राहिले. दोन महिने मी या शब्दाची मोजणी करतेय आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. मराठीत गेले म्हणजे गाव सोडून गेले आणि गेले म्हणजे वारले. मी माझ्या एक्सेलच्या रकान्यात सगळी ‘गेले’ एकत्र टाकलीयत. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, १८९६ पासून प्लेग आणि त्यातच परत दुष्काळ, १९१८ चा इन्फ्लुएंझा, या सगळ्या वर्षांत माणसं दोन्ही अर्थांनी गेलीत. आजवरची मोजणी पुसून टाकली. आता प्रत्येक ‘गेले’ मरणाच्या वहीशी आणि दाखल्यांच्या प्रतींशी ताडून बघायचं. दाखला म्हणजे सभासद दुसऱ्या मंडळीत जाताना त्याच्या हातात द्यायचं पत्र, हा आमचा सभासद, चालचलणूक नीट, याला आपल्यात घ्यावं. त्याची प्रत इथे राहते. दाखला सापडला तर माणूस जिवंत गेला.

काम दुप्पट झालं. होऊ दे.

२५ जानेवारी, शनिवार

ताडून बघणं. दिवसभरात दोनच वह्या. १९१८ च्या ऑक्टोबरची पानं झाली तेव्हा उठून बाहेर जाऊन बसले. एकाच घरातल्या तीन ओळी लागोपाठ, अक्षर तिसऱ्या ओळीला बदलतं, म्हणजे लिहिणारे मास्तरसुद्धा.

९ फेब्रुवारी, रविवार

आज गाण्यांबद्दल लिहायचंय कारण आज त्यावरूनच थोडी खडाखडी झाली.

तरुण संघाने कीबोर्ड आणलाय, ड्रम पॅडही, आणि यूट्यूबवरची नवी वर्शिप गाणी, त्यातली निम्मी हिंदी. म्हाताऱ्यांना उपासनासंगीत (आमचं मराठी गीतांचं पुस्तक) हवं. आमच्याकडे जुनी माणसं गाण्याचं नावच घेत नाहीत, नंबर सांगतात, आणि नंबर सांगितल्याबरोबर पुस्तक न उघडता सुरू करतात. काकू पेटी वाजवतात, टाळ दोन, मृदंग वाजवणारा हल्ली नाताळलाच येतो. काकूंचं म्हणणं, ही आपली गाणी, वाडवडिलांपासूनची, बाहेरचं कशाला.

मी तेव्हा बोलले नाही, जेवणानंतर काकूंना १९१० च्या आसपासचं इतिवृत्त वाचून दाखवलं. त्यात तक्रार आहे की काही सभासद टाळ-मृदंगाचा आग्रह धरतात, तो बाहेरचा प्रकार आहे, देवळात शोभत नाही. कारण त्याआधी मिशनऱ्यांनी शिकवलेल्या इंग्रजी चालींवर भाषांतरित गीतं म्हणत असत आणि तीच तेव्हाच्या म्हाताऱ्यांना आपली वाटत होती. अभंग, ओवी, कीर्तन या वळणाची गाणी देवळात रुजली त्यात नारायण वामन टिळकांचा वाटा फार मोठा. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढची कितीतरी वर्षं ते नगरला राहिले, ज्ञानोदयात लिहिलं, आणि आपल्या मातीच्या छंदात पदं रचली. १९१९ मध्ये ते वारले. काकू ज्याला वाडवडिलांपासूनचं म्हणतात ते वाडवडिलांच्या तरुणपणी नवीन होतं आणि त्यावर असाच वाद झाला होता.

काकूंनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “मग तेव्हा काय ठरलं?” पुढच्या सभेत ठरलं होतं, पहिलं गीत जुन्या चालीवर आणि प्रवचनानंतरचं टाळ-मृदंगावर. काकू म्हणाल्या तसंच करू. पण एक आहे, माझंही मत काकूंच्याच बाजूला झुकतं. नवी गाणी म्हणा, पण मराठीत म्हणा. आजी स्वयंपाक करताना पदं म्हणायची, तिला लिहिता-वाचता येण्याआधीपासून ती पाठ होती, शास्त्र तिला त्या पदांतून कळलं. पडद्यावर ओळी दाखवल्या की पाठ होत नाही.

या महिन्यापासून आणखी एक फाइल सुरू केली, म्हाताऱ्यांच्या आवाजात गाणी रेकॉर्ड करायची. चाली कुठल्याच वहीत नाहीत. आमच्या गावातल्या काही चाली शेजारच्या गावाहून वेगळ्या आहेत.

२ मार्च, रविवार

आज हंगामाचा सण. शाळू निघाला की करतात. कणसांच्या पेंढ्या पुलपिटाला बांधल्या होत्या, खाली गहू, हरभरा, भोपळे, अंडी, दोन कोंबड्या, पेरू, आणि तेलाची पाकिटं, बिस्किटांचे पुडे, एक प्रेशर कुकर. उपासनेनंतर नेहमीसारखा लिलाव.

जुन्या वह्यांमध्ये याच सणाच्या याद्या आहेत, त्यात बाजरी, ज्वारी, तूर, मठ, खोबऱ्याच्या वाट्या, मिरच्या, कोंबडे, एकदा शेळीचं करडू. १९७२ च्या दुष्काळात मात्र यादीच नाही. त्या पानावर एवढंच की सण साधेपणाने केला, सगळे खडीच्या कामावर आहेत. बाबा तेव्हा पंचविशीत होते, ते म्हणाले संध्याकाळी पाझर तलावाच्या कामावरून येताना प्रत्येकाने मिळालेल्या सुखडीतला तुकडा आणला आणि तो पुलपिटावर ठेवला, मग तो पोरांना वाटला. हे वहीत नाही. मी लिहून घेतलं, तारीख टाकली, बाबांची सही घेतली.

शेतीही बदलत गेली तसं यादीत दिसतं. प्रवरेकाठी १९५० च्या सुमाराला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग जिल्हाभर कारखाने झाले, पाटपाणी पोचलं त्या गावांत ऊस आला, आमच्या यादीत गुळाच्या ढेपी त्यानंतर येतात. पण आमच्या मंडळीत जमीन असलेली घरं आधीपासून कमी. बरेचजण दुसऱ्याच्या रानात राबणारे. तरी हंगामाचा सण त्यांनी कधी चुकवला नाही, मजुरीत मिळालेल्या दाण्यातलं आणलं.

आणि आज पुढच्या बाकावर एकाने मोबाइल स्टँडला लावून व्हिडिओ कॉल सुरू ठेवला होता. पुण्याहून, ठाण्याहून बोली लागत होती. एक भोपळा बराच वर गेला, नाशिकच्या एका दादाने घेतला, पैसे फोनवरून लगेच आले आणि म्हणाला, भोपळा मावशींना द्या. असं बरंच काही झालं, बाहेरच्यांनी विकत घ्यायचं आणि गावातल्या कुणाला तरी द्यायचं. पावतीवर लिहिताना खजिनदारांनी विचारलं रकाना कुठला. मी म्हटलं हंगाम.

१६ मार्च, रविवार

ताडून बघण्याचं काम संपलं. आकडे इथे देत नाही, कमिटीला दिलेत. पण जे दिसलं ते दिसलं. ‘गेले’ला सुरुवातीचं असं वर्षच नाही. पहिल्या यादीपासून आहे. दर पिढीला यादीतला मोठा भाग बाहेर जातो, आधी नगरच्या मिशन शाळेत शिकायला आणि तिथून मास्तर किंवा नर्स होऊन भलत्याच तालुक्यात, मग मुंबईच्या गिरण्यांत, मग पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत, आता आयटीत. मला वाटत होतं की भरलेली मंडळी हळूहळू रिकामी झाली. ती कधी भरलेली राहिलीच नाही. इथे माणसं तयार होतात आणि जातात, आणि प्रत्येक पिढीतल्या इतिवृत्तात एक वडील उठून म्हणालेले आहेत की आता मंडळी संपत आली.

दुसरं दिसलं ते मरणाच्या वहीत. जे जिवंत गेले त्यातले कितीतरी शेवटी याच वहीत येतात. मृत्यूचं ठिकाण मुंबई, मृत्यूचं ठिकाण पुणे, आणि पुढे दफन इथे.

आजीची ओळ तशीच आहे. ती बायबलबाई होती, मिशनकडून थोडा पगार, रोज चार घरी जाऊन बायकांना वाचून दाखवायचं आणि वाचायला शिकवायचं. नगरला सिंथिया फॅरारबाईंच्या शाळांपासून मुलींच्या शिक्षणाचं जे बी पडलं (जोतीराव फुले ती शाळा बघायला गेले होते) त्याची एक फांदी आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आली. पहिल्या वह्यांत बायकांची नावंसुद्धा धड नाहीत, अमक्याची बायको, तमक्याची आई. आजीच्या पिढीपासून नाव आहे, पुढे सही आहे. आज पंचकमिटीत बायकाच जास्त आहेत. आजीच्या शेऱ्यात लिहिलंय ‘गेली’, मुलाकडे पुण्याला, दाखला दिला. आणि मरणाच्या वहीत सव्वीस वर्षांनी परत तीच, दफन इथे. दोन ‘गेली’ दोन वह्यांत.

२० एप्रिल, रविवार, पुनरुत्थान सण (ईस्टर)

उत्तम शुक्रवारपासून (गुड फ्रायडेपासून) इथेच आहे. शुक्रवारी बारा ते तीन, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जणांनी बोलायचं, त्यात एक उद्गार माझ्याकडे होता. आज पहाटे चारला मेणबत्त्या घेऊन गाणी म्हणत कबरस्तानात गेलो, तिथेच उजाडेपर्यंत उपासना, मग ज्याने त्याने आपापल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावली. पुष्कळ कबरींना नुसता दगड आहे, नाव नाही, पण कुणाची कोणती हे काकूंना पाठ आहे. मी वहीतल्या नोंदींवरून नकाशा करायला घेतलाय, काकू बोट दाखवत पुढे, मी मागे. पहिली रांग झाली.

दुपारी बाबांबरोबर शेवटचं राहिलेलं काम, सध्याची सभासद यादी. ही बाबांच्याच अक्षरात आहे. चालू यादी म्हणून मी ती शेवटी ठेवली होती. ओळीने वाचत गेलो, ते सांगत होते, मी टाइप करत होते, आणि मग माझंच नाव आलं. मी गाव सोडून चौदा वर्षं झाली. शेऱ्याचा रकाना कोरा.

म्हटलं बाबा, इथे लिहायचं राहिलंय.

बाबांनी चष्मा वर करून पाहिलं. “राहिलं नाय. तू दाखला मागितलास का?”

नाही मागितला. पुण्यात मी एका चर्चला जाते पण सभासद झाले नाही, का ते मला सांगता येणार नाही, करू करू म्हणत राहिलं.

“मग मी कशाला लिहू,” म्हणाले, आणि पुढचं नाव वाचलं.

त्या रकान्यात मीही काही टाइप केलं नाही. संध्याकाळी खजिनदारांकडे चौदा वर्षांची वर्गणी भरली, त्यांनी दर वर्षाची वेगळी पावती फाडली कारण हिशोब तसाच ठेवतात. वाचनाच्या पाळीत मे महिन्याचा दुसरा रविवार माझ्या नावावर लागलाय.

राहिलेली कामं : मोडी वहीची शेवटची काही पानं. कबरस्तानाच्या मागच्या तीन रांगा, काकूंची तब्येत बघून, उन्हाच्या आधी. पूर्वेकडच्या भिंतीचं पत्र्यांच्या कामातच बघून घ्या असं कमिटीला लिहून दिलंय. कपाट तोवर बाबांच्या घरी, ओट्यावरच्या खोलीत, जमिनीपासून वर विटा लावून.